लॉनमार्केटची दगडी रांग : काही टिपणे

एडिंबरोचा किल्ला ज्या कातळावर उभा आहे तो विझलेल्या ज्वालामुखीचा गाभा. हिमयुगात पश्चिमेकडून सरकत आलेला बर्फ त्या कातळाला अडला, दोन्ही बाजूंनी जमीन खरवडत गेला आणि कातळाच्या आडोशाला पूर्वेकडे उतरणारा एक चिंचोळा उंचवटा मागे राहिला. जुनं शहर त्या उंचवट्यावर आहे. माथ्यावरून एकच मोठा रस्ता जातो, किल्ल्यापासून होलीरूडच्या राजवाड्यापर्यंत, साधारण मैलभर. त्याच्या दोन्ही अंगांना काटकोनात बोळ उतरतात. रस्त्याला लागून प्रत्येकाच्या वाट्याला थोडी रुंदी आणि मागे लांबच लांब पट्टी, अशी मध्ययुगात जमीन वाटली गेली; आजचे बोळ म्हणजे त्या पट्ट्यांच्या कडा.

उत्तरेला तळं, दक्षिणेला दरी, आणि १५१३च्या फ्लॉडनच्या पराभवानंतर बांधायला घेतलेला तट. आडवं पसरायला वाव नव्हता. शहर दगडात उभं चढत गेलं.

*

किल्ल्याकडच्या टोकाला, रस्त्याच्या वरच्या भागाला लॉनमार्केट म्हणतात. तिथली घरं खांद्याला खांदा लावून उभी आहेत. दोन घरांत एकच भिंत. रस्त्यावरून बघितलं तर पाच-सहा मजले मोजता येतात. तीच इमारत मागून, उत्तरेच्या उतारावरून पाहिली की आठ मजले भरतात. पुढचा तळमजला हा मागचा तिसरा मजला असतो. उतारावर बांधताना जमीन सपाट करायची नाही, इमारतीनेच उतार गिळायचा, ही इथली रीत. त्यामुळे या रांगेला दोन चेहरे आहेत. रस्त्याकडचा आखीव आणि माणसाच्या मापाचा. मागचा किल्ल्याच्या भिंतीसारखा.

अशा उंच इमारतीला तिथे ‘लँड’ म्हणतात. एका जिन्यावर अनेक घरं. खाली दुकान, वर वकील, त्याच्या वर सरदार, माळ्यावर मोलमजुरी करणारे. गल्लीनुसार वस्ती वेगळी नव्हती, मजल्यानुसार होती. जिना मात्र सगळ्यांचा एक.

*

रांगेतलं ग्लॅडस्टोन्स लँड बघण्यासारखं आहे. १६१७ मध्ये थॉमस ग्लेडस्टेन्स नावाच्या व्यापाऱ्याने ते विकत घेतलं आणि पुढे रस्त्याकडे वाढवलं. तळाला दगडी कमानींचा ओटा आहे, ज्याच्या सावलीत दुकानं भरायची. एकेकाळी या रस्त्यावर असे ओटे बरेच होते. मूळचा म्हणावा असा हा एकच उरला. १९३४ मध्ये पाडायच्या बेतात असताना नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंडने ते घेतलं. आत रंगवलेली लाकडी छतं आहेत. फुलं, फळं, वेलबुट्टी, तुळयांच्या अंगांवरसुद्धा.

*

शेजारी जेम्स कोर्ट. जेम्स ब्राउनहिल या सुतार-बांधकामदाराने १७२०च्या दशकात ते उभं केलं. चिंचोळे बोळ एकत्र करून मधे चौक काढला आणि चौकाभोवती ऐपतदार लोकांसाठी उंच घरं बांधली. रहिवाशांनी आपला कारभार आपल्याकडे ठेवला होता: स्वतःचा झाडूवाला, स्वतःचा कारकून, आपापसांत जेवणावळी. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम इथे राहिला. पुढे लेखक जेम्स बॉस्वेल राहिला आणि १७७३ मध्ये स्कॉटलंडच्या दौऱ्यावर निघालेला कोशकार सॅम्युएल जॉन्सन त्याच्याकडे इथेच उतरला.

मग हे लोक निघून गेले. १७६७ मध्ये जेम्स क्रेगचा आराखडा मंजूर झाला, तळं आटवलं गेलं, पलीकडे रुंद रस्त्यांचं नवं शहर उभं राहू लागलं. नव्या शहराच्या पायातून निघालेली माती दोन शहरांच्या मधल्या खोलगटात टाकली गेली. त्या भरावाचा रस्ता झाला, तो ‘माउंड’. पैसेवाले तो ओलांडून गेले ते परत आले नाहीत.

त्यांच्या दिवाणखान्यांत फळ्यांचे आडोसे घालून चार-चार कुटुंबं राहू लागली. नक्षीचं छत एकाच्या खोलीत अर्धं, दुसऱ्याच्या खोलीत अर्धं. पाणी खालून भरायचं, घाण खिडकीतून किंवा जिन्याने. शंभर वर्षांत रांग तीच राहिली, भिंती त्याच राहिल्या आणि रया पार गेली.

*

२४ नोव्हेंबर १८६१. हाय स्ट्रीटवरच्या पेस्ली क्लोजपाशी एक जुनी लँड रात्रीत कोसळली. ३५ माणसं गेली. ढिगारा उपसणाऱ्यांना खालून एका मुलाचा आवाज आला: उपसत राहा, मी अजून मेलो नाही. तो वाचला. नंतर तिथे बांधलेल्या इमारतीच्या दारावर त्याचा चेहरा दगडात कोरलेला आहे.

शहर हादरलं. १८६२ मध्ये हेन्री लिटलजॉन यांची आरोग्य अधिकारी म्हणून नेमणूक झाली आणि १८६५ मध्ये त्यांचा अहवाल आला. कुठल्या भागात किती दाटी, किती मृत्यू, याची बारकाईने मांडणी होती. १८६७ मध्ये प्रमुख नगराधिकारी विल्यम चेंबर्स यांच्या पुढाकाराने सुधारणा कायदा झाला आणि मोठाले रस्ते कापले गेले. सेंट मेरीज स्ट्रीट, ब्लॅकफ्रायर्स स्ट्रीट, चेंबर्स स्ट्रीट. हवा आली, उजेड आला. ज्यांची घरं पडली त्यांना मात्र नव्या इमारतींची भाडी परवडणारी नव्हती. ते शेजारच्या, अजून न पडलेल्या घरांत शिरले. दाटी हलली, कमी झाली नाही.

लिटलजॉन यांच्याबद्दल मला आदर आहे. त्यांनी मोजलं नसतं तर काहीच झालं नसतं. पण मोजलेल्या रोगावर शहराने एकच औषध काढलं, कुदळ.

*

१८८७. पॅट्रिक गेडिस आणि त्यांची पत्नी ॲना जेम्स कोर्टात राहायला आले.

ही गोष्ट जितकी साधी लिहिता येते तितकी ती साधी नव्हती. गेडिस तेहेतिशीचे, वनस्पतिशास्त्राचे अध्यापक, जीवशास्त्रज्ञ टी. एच. हक्सली यांच्या हाताखाली शिकलेले. ॲना मॉर्टन लिव्हरपूलच्या व्यापाऱ्याची मुलगी, संगीत शिकलेली, तिथे गरीब मुलींसाठी मंडळ चालवून आलेली. नव्या शहरात चांगलं घर मिळत असताना हे जोडपं शहरातल्या बदनाम वस्तीत आलं, आणि त्याच वर्षी त्यांची मुलगी, नोरा, जन्मली. तान्ह्या मुलीला घेऊन त्या जिन्यावर राहायचं ठरवणं हा विचारांपेक्षा मोठा निर्णय असतो, आणि तो ॲना यांचाही होता. गेडिस यांच्यावर लिहिणारे बहुतेक लोक हे एका ओळीत उरकतात. मला ते पटत नाही.

*

या जोडप्याने काय केलं?

आधी चौक झाडला. भिंतींना चुन्याची सफेदी दिली. शेजाऱ्यांना बरोबर घेतलं. खिडक्यांत फुलझाडांच्या पेट्या आल्या. दोन-तीन अंधाऱ्या खोल्या एक करून राहण्याजोगं घर काढलं. जे शेड, जे वाढीव बांधकाम उजेड अडवत होतं आणि मोडकळीला आलं होतं तेवढंच उतरवलं. त्या रिकाम्या जागेत हवा खेळू दिली. बाकी सगळं ठेवलं: भिंत, जिना, उंबरा, रहिवासी.

पुढे भारतात नगररचनेचे अहवाल लिहिताना या पद्धतीला त्यांनी जे नाव दिलं त्याचा अर्थ जपणुकीची शस्त्रक्रिया. सडलेलं तेवढं काढायचं, अंग शाबूत ठेवायचं. त्यांना ते कागदावर सुचलेलं नव्हतं. लॉनमार्केटच्या मागच्या अंगणात सफेदीची बादली हातात असताना सुचलं.

सफेदीबद्दल थोडं. चुना स्वस्त, जंतू मारतो, आणि काळोख्या चौकात पडणारा थोडासा उजेड परतवून खालच्या मजल्यावरच्या खोलीत पोचवतो. आठ मजल्यांच्या खोल चौकात तळाच्या घराला सूर्य दिसतच नाही; त्याला मिळतो तो समोरच्या भिंतीवरून आलेला उजेड. ती भिंत काजळीने काळी असेल तर घर दिवसाही अंधारात. भिंत पांढरी करणं ही तिथे सजावट नव्हती.

*

गेडिस यांचा पुढाकार असलेलं, १८८५ मध्ये स्थापन झालेलं एडिंबरो सोशल युनियन. लंडनमध्ये ऑक्टेव्हिया हिल यांनी जे सुरू केलं होतं त्याच धर्तीवर युनियनने जुन्या इमारती सांभाळायला घेतल्या. भाडं गोळा करायला स्त्रिया जात, आणि जाताना गळणारं छप्पर, तुटलेली पायरी नोंदवून आणत. भाड्यातून दुरुस्ती. त्याच संस्थेने फीबी ॲना ट्रॅक्वेअर यांच्याकडून मुलांच्या रुग्णालयातल्या शवगृहाच्या खोलीत भित्तिचित्रं काढून घेतली. गेलेल्या मुलाला निरोप देणाऱ्या आईबापांनी उघड्या भिंतीकडे बघत बसू नये, एवढ्यासाठी.

*

रिडल्स कोर्ट. यावर जास्त लिहायचं आहे.

लॉनमार्केटच्या दक्षिण बाजूला एक कमानीची देवडी लागते. आत गेलं की पहिला चौक, पुढे दुसरी कमान, मग आतला चौक. रस्त्याच्या गजबजाटापासून चाळीस पावलांवर एकदम आवाज थांबतो. दोन देवड्या ओलांडून आत येण्याची ही रचना वाडा पाहिलेल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही.

आतल्या चौकातलं घर १५९०च्या दशकात जॉन मॅकमोरन याने बांधलं. शहरातला सगळ्यात श्रीमंत व्यापारी, नगरपालिकेतला बेली म्हणजे दंडाधिकारी. १५९५ मध्ये सुट्टी नाकारली गेली म्हणून हायस्कूलच्या मुलांनी स्वतःला शाळेत कोंडून घेतलं; दार फोडायला मॅकमोरन पुढे झाला आणि आतून एका विद्यार्थ्याने झाडलेली गोळी त्याच्या डोक्यात बसली. तो जागीच गेला. मारणारा मुलगा बड्या घरचा होता, सुटला. तीन वर्षांनी याच घरात शहराने मोठी मेजवानी दिली. राजा सहावा जेम्स, राणी ॲन आणि राणीचा भाऊ होल्स्टाइनचा ड्यूक हजर होते. वरच्या एका दालनात त्या काळातल्या रंगवलेल्या तुळया आजही आहेत. पुढच्या बाजूची लँड १७२६ च्या सुमाराची, जॉर्ज रिडल नावाच्या कारागिराची. त्याचंच नाव अंगणाला राहिलं. ह्यूमने आयुष्यातलं पहिलं स्वतःचं घर इथे केलं, जेम्स कोर्टाच्या आधी. १८३०च्या सुमाराला दक्षिणेकडून व्हिक्टोरिया टेरेसची नवी वाट कापली गेली तेव्हा या वाड्याचा मागचा भाग छाटला गेला.

१८९०च्या आसपास गेडिस यांनी ही जागा हातात घेतली. तोवर ती खोल्याखोल्यांनी भाड्याने दिलेली, मोडकळीला आलेली होती. वास्तुरचनाकार स्ट्यूअर्ट हेन्बेस्ट कॅपर यांच्या मदतीने त्यांनी ती विद्यार्थ्यांच्या राहण्यासाठी तयार केली. आतल्या चौकाच्या कमानीवर लॅटिन अक्षरं कोरून घेतली: विवेन्दो दिस्किमुस. जगता जगता शिकतो. मोठ्या दालनाच्या छतावर टॉमस बॉनर यांच्याकडून नवं रंगकाम करून घेतलं, ज्यात या घराचाच इतिहास आहे. जुन्या रंगवलेल्या तुळया आणि नवं छत एकाच इमारतीत राहतात, तीनशे वर्षांच्या अंतराने. गेडिस यांनी जुनं जसंच्या तसं काचेखाली ठेवलं नाही आणि नव्याने जुन्याची नक्कलही केली नाही. त्यांनी घराला बोलायला आणखी एक पिढी दिली. दगडी इमारतीचा समाजासाठी वापर करताना हा प्रश्न प्रत्येक वेळी येतो, आणि बहुतेक ठिकाणी भीतीपोटी एकतर सगळं गोठवतात नाहीतर सगळं गुळगुळीत करतात. इथलं उत्तर धाडसी आहे.

*

विद्यार्थ्यांच्या या निवासाची सुरुवात १८८७ मध्ये माउंड प्लेसवरच्या एका घरातून झाली होती, मोजक्या विद्यार्थ्यांनी. वर अधीक्षक नाही. नियम मुलांनी करायचे, खर्चाचा हिशेब मुलांनी ठेवायचा, नवा कोण येणार हे मुलांनी ठरवायचं. ब्रिटनमधलं हे असं पहिलं स्वयंशासित निवासस्थान मानलं जातं. रिडल्स कोर्टाच्या वाड्याची रचना याला पूरक ठरली. लांबलचक व्हरांडा आणि ओळीने खोल्या असत्या तर कुणीतरी टोकाला बसून लक्ष ठेवू शकलं असतं. इथे जिने अनेक, प्रत्येक जिन्यावर चार-पाच घरं, आणि सगळ्यांना एक चौक. देखरेख अवघड, शेजार सोपा.

*

दगड. जुन्या एडिंबरोचा दगड वालुकाश्म आहे, आसपासच्या खाणींतून आलेला. नव्या शहराचा दगड क्रेगलीथच्या खाणीतला, जास्त कठीण आणि एकसंध. जुन्या शहरात डबराच्या भिंती जास्त, घडीव चिरे कोपऱ्यांना आणि खिडक्यांच्या चौकटींना. डबरावर चुन्याचा गिलावा.

वालुकाश्म पाणी पितो आणि सोडतो. दर्जांत चुना असेल तर भिंतीतली ओल त्या दर्जांतून बाहेर पडते, कारण चुना दगडापेक्षा मऊ आणि सच्छिद्र. झिजायचं ते दर्ज झिजते, आणि दर्ज पुन्हा भरता येते. विसाव्या शतकात दुरुस्तीला सिमेंट आलं. सिमेंटची दर्ज कडक, बंद. मग ओल दगडातून बाहेर पडू लागते, थंडीत गोठते, क्षार दगडाच्या पृष्ठभागाखाली साचतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. अशा भिंतीत दर्जा उठून दिसतात आणि मधला दगड खोल गेलेला असतो. इतकी साधी गोष्ट समजायला कितीतरी भिंती खर्ची पडल्या.

काजळीचंही तसंच. धुराने काळं पडलेलं शहर म्हणून एडिंबरोचं जुनं टोपणनावच आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाळूचा मारा करून, रसायनं लावून दर्शनी भिंती उजळवण्याची लाट आली. काजळीबरोबर दगडाची कातडीही गेली. काळी राहिलेली भिंत बघून काहींना ती अस्वच्छ वाटते. मला ती सुदैवी वाटते.

*

गोल जिना. एका दगडाची एक पायरी. तिच्या निमुळत्या टोकाशीच मधल्या खांबाचा गोल तुकडा कोरलेला. पायऱ्या एकावर एक ठेवत गेलं की खांब आपोआप उभा राहतो. वेगळा आधार नको, लाकूड नको, आगीची भीती नको. आठ मजल्यांच्या दाट वस्तीत ही शेवटची गोष्ट फार मोठी.

*

रॅम्से गार्डन. किल्ल्याच्या अगदी शेजारी, माउंडच्या वर. अठराव्या शतकातला कवी ॲलन रॅम्से याचं अष्टकोनी घर तिथे होतं, त्याच्या आकारावरून लोक त्याला ‘गूज-पाय’ म्हणत; पाय म्हणजे इथे भाजलेला खाद्यपदार्थ. गेडिस यांनी १८९० ते १८९४ या काळात ते घर पोटात घेऊन आणि शेजारची जुनी रांग वाढवून नवी वस्ती बांधली. आधी कॅपर, मग सिडनी मिचेल वास्तुरचनाकार. तांबडा दगड, पांढरा खडबडीत गिलावा, तांबडी कौलं, लाकडी सज्जे, वेडीवाकडी गच्चीची रेष. खालच्या प्रिन्सेस स्ट्रीटवरून बघताना काळपट शहरावर ती एकदम उजळ दिसते. सामाईक दालनात जॉन डंकन यांची भित्तिचित्रं. गेडिस कुटुंब स्वतः इथल्या मोठ्या घरात राहायला आलं.

हेतू असा: प्राध्यापक, विद्यार्थी, कलावंत जुन्या शहरात परत यावेत, म्हणजे श्रीमंत-गरीब पुन्हा शेजारी राहतील. अर्धा हेतू साधला. माणसं परत आली. पण आली ती बहुतेक सुस्थितीतली, आणि त्यांच्या घरांना उत्तम दृश्य असल्यामुळे पुढे किमती चढत गेल्या. आज रॅम्से गार्डन ही शहरातली महागडी खासगी मालमत्ता आहे. जेम्स कोर्टात केलेलं काम मला रॅम्से गार्डनपेक्षा मोठं वाटतं. तिथे बांधकाम जवळजवळ नव्हतंच आणि शेजारी तेच राहिले.

*

मनोरा. १८५३ मध्ये मरिया शॉर्ट यांनी उघडलेली जुनी वेधशाळा, माथ्यावर कॅमेरा ऑब्स्क्युरा. १८९२ मध्ये गेडिस यांनी ती घेतली आणि आउटलुक टॉवर केला. आधी वर चढायचं आणि अंधाऱ्या खोलीत पांढऱ्या मेजावर हलतं शहर बघायचं. मग उतरत यायचं: एक मजला एडिंबरो, खालचा स्कॉटलंड, मग इंग्रजी बोलणारे देश, मग युरोप, तळाशी जग. वाटेत एक रिकामी कोठडी, बसून विचार करायला.

*

पैसा. जागा घेताना गेडिस यांनी कर्ज काढलं, ॲना यांच्या वाट्याचा पैसा घातला, मित्रांकडून घेतला. १८९६ मध्ये ‘टाउन अँड गाऊन असोसिएशन’ ही भागधारकांची कंपनी काढून सगळ्या मिळकती तिच्या नावे केल्या, तेव्हा कुठे घडी बसली. वापर सुचवणारा माणूस आणि ताळेबंद सांभाळणारा माणूस सहसा वेगळे असतात. दुसरा मिळाला नाही म्हणून पडलेल्या इमारती आपल्याकडेही पुष्कळ आहेत.

*

तरुणपणी मेक्सिकोत असताना गेडिस यांची दृष्टी काही काळ गेली. अंधाऱ्या खोलीत पट्टी बांधून आठवडेच्या आठवडे. हाताला खिडकीची तावदानं लागायची, चौकोनाशेजारी चौकोन. त्या तावदानांवर एकेक कल्पना ठेवत त्यांनी विचारांचे तक्ते मांडायला सुरुवात केली. स्थळ, काम, माणसं यांचे पुढचे सगळे तक्ते तिथून आले. शहराचा विचार त्यांनी खिडकीपासून सुरू केला, हे मला महत्त्वाचं वाटतं.

*

१९१४ मध्ये ते भारतात आले, नगररचनेचं प्रदर्शन घेऊन. नकाशे, चित्रं, छायाचित्रं मागाहून ‘क्लॅन ग्रँट’ जहाजावर येत होती. जर्मनीच्या ‘एम्डेन’ या युद्धनौकेने ते जहाज बुडवलं. वर्षानुवर्षांची सामग्री समुद्रात गेली. मित्रांनी विलायतेत धावपळ करून नवी सामग्री पाठवली आणि १९१५च्या सुरुवातीला मद्रासला प्रदर्शन भरलं.

मग तंजावर, मदुरा आणि कितीतरी गावं. एकेकाळी भोसल्यांचं असलेल्या तंजावरात दाट वस्तीतून सरळ रस्ते मारायची योजना होती. गेडिस गल्लीगल्लीत फिरले आणि पडकी घरं, उकिरडे, रिकाम्या जागा, झाडं, विहिरी, देवळं नकाशावर मांडली. त्यांची योजना त्या रिकाम्या जागांना जोडत गेली. मोडलेलं काढा, तिथे झाड लावा, पार बांधा. चांगलं घर पाडू नका. जेम्स कोर्टाचा चौक त्यांच्या पायांना माहीत होता.

*

इंदूर. होळकरांच्या राजधानीत प्लेग होता. नगररचनेसाठी आलेला हा परका माणूस रस्त्यांतून मोजमाप घेत फिरतो म्हणजे घरं पाडणार, असा लोकांचा समज झाला. गेडिस यांनी दिवाळीत मिरवणुकीची जबाबदारी मागितली आणि जाहीर केलं की ज्या गल्ल्या सगळ्यात जास्त झाडल्या-डागडुजी केल्या जातील तिथूनच मिरवणूक जाईल. घराघरांत साफसफाई सुरू झाली. मिरवणुकीत घाणीचा राक्षस आणि प्लेगचा भलामोठा उंदीर होता. त्यामागून सफाई कामगार चालले, शुभ्र कपड्यांत, गळ्यात हार, गाड्या रंगवलेल्या. ज्यांच्या सावलीपासून लोक दूर होत ते त्या दिवशी शहराच्या मुख्य रस्त्यावर सन्मानाने चालले. १९१८ मध्ये इंदूरवरचा अहवाल दोन खंडांत छापला गेला. नळ, गटारं, बागा सगळं त्यात आहे; पण मिरवणुकीशिवाय तो अहवाल कुणी मानला असता का, याची मला शंका आहे.

१९१७ मध्ये याच देशात ॲना आजारी पडून गेल्या. त्याच वर्षी थोरला मुलगा ॲलेस्डेअर फ्रान्समध्ये युद्धात पडला होता. ती बातमी गेडिस यांनी आजारी ॲना यांना कळू दिली नाही.

*

१९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा विभाग सुरू झाला, गेडिस पहिले प्राध्यापक. मालवणात जन्मलेले गो. स. घुर्ये यांची त्यांनी निवड केली आणि विद्यापीठाने घुर्यांना विलायतेला शिकायला पाठवलं. १९२४ मध्ये घुर्ये परतून विभागाचे प्रमुख झाले. इरावती कर्वे घुर्यांच्या विद्यार्थिनी. घुर्यांचा अभ्यास गेडिस यांच्यापेक्षा फार वेगळ्या वाटेने गेला, शहराच्या भिंतींपेक्षा जातींकडे, ग्रंथांकडे. तरी महाराष्ट्रात समाजशास्त्र नावाचा विषय शिकवायला जो पहिला माणूस उभा राहिला तो आधी एका मोडक्या दगडी चौकात सफेदी करून आलेला होता, ही नोंद आपल्या इतिहासात ठळक हवी.

*

बागा. गेडिस भारतात येण्याआधी एडिंबरोत आउटलुक टॉवरच्या मंडळींनी जुन्या शहरातल्या रिकाम्या जागांची मोजणी केली. पडलेल्या घरांच्या, बोळांच्या टोकांच्या, उतारावरच्या, अशा ७५ जागा निघाल्या, एकूण सुमारे १० एकर. जेम्स कोर्टात रांगलेली नोरा तोवर मोठी झाली होती. तिने त्यांतल्या काही जागांवर बागा आखल्या, वस्तीतल्या मुलांना बरोबर घेऊन. दगडी रांगेला बाग हवीच असते. आठ मजल्यांच्या घरात पोर कुठे खेळणार? किल्ल्याखालच्या जॉन्स्टन टेरेसची बाग आज वन्यजीव संस्थेकडे आहे, इवलीशी, शहराच्या ऐन मध्यात.

*

रिडल्स कोर्टाचं पुढे काय झालं? वाडा नगरपालिकेकडे आला. प्रौढ शिक्षणाचे वर्ग भरले, ऑगस्टच्या उत्सवात नाटकं झाली. वापर चालू राहिला, दुरुस्ती मागे पडली. मग स्कॉटिश हिस्टॉरिक बिल्डिंग्ज ट्रस्टने काम हातात घेतलं आणि २०१७ मध्ये ‘पॅट्रिक गेडिस सेंटर’ म्हणून वाडा पुन्हा उघडला. शाळकरी मुलांचे वर्ग, व्याख्यानं, कार्यशाळा, सभा, लग्नं. इमारतीत लिफ्ट आली. सोळाव्या शतकाच्या घरात लिफ्ट बसवणं म्हणजे काहीतरी कापणं आलंच, आणि त्यावर कुरकुर करणारे असतात. पण चाकांच्या खुर्चीतून आलेल्या माणसाला रंगवलेल्या तुळया दिसणार नसतील तर ती जागा सगळ्यांची आहे असं कसं म्हणायचं? योग्य ठिकाणी, विचार करून घेतलेला तो छेद आहे.

*

जुन्या शहरात आता वेगळी रिकामी घरं आहेत. पर्यटकांना चार रात्रींसाठी दिलेली. दारांवर अंकांची कुलुपं, जिन्यावर चाकांच्या बॅगा, आणि शेजारी कोण हे कुणालाच माहीत नाही. दगड उत्तम स्थितीत, दर्जांत चुना, खिडक्या रंगवलेल्या. सप्टेंबर २०२२ पासून संपूर्ण एडिंबरो शहर अल्पमुदतीच्या भाड्यावरील नियंत्रणाचं क्षेत्र जाहीर झालं आहे. मालक स्वतः राहत नसलेलं घर असं भाड्याने द्यायला सुरुवात करायची तर नगररचना खात्याची परवानगी लागते. हा नियम कागदावर रुक्ष वाटतो, पण लॉनमार्केटच्या रांगेसाठी तो दुरुस्तीच्या कुठल्याही अनुदानाइतकाच मोलाचा आहे असं मी मानते.

लिटलजॉन यांनी माणसांची दाटी मोजली, गेडिस मंडळींनी रिकाम्या जागा मोजल्या. जेम्स कोर्टातल्या किती घरांत वर्षभर तीच माणसं राहतात, हे जिनावार मोजणारं सर्वेक्षण कुणी हाती घेतलं तर मला त्याचा नकाशा हवा आहे.